‘स्टेबल आहेत, घरी न्या’ म्हणाले. पण घरी नेऊन करायचं काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात मांडते. वडील ६३ वर्षांचे, सोलापुरात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे. सोळा दिवसांपूर्वी पहाटे उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचाही गेली. पाच दिवस आयसीयू, मग वॉर्ड. आता बीपी-शुगर ताब्यात आहे, नाकात नळी आहे, लघवीची पिशवी आहे, कुणी धरलं तर पाचेक मिनिटं बसतात. डॉक्टर म्हणाले, ‘पेशंट स्टेबल आहे, घरी न्या, फिजिओ चालू ठेवा.’ थोरले भाऊ म्हणतात घरीच ठेवू, रोज कुणीतरी येऊन व्यायाम करून घेईल. तुम्ही पुण्यात नोकरीला, तुम्हाला वाटतं पुण्यातल्या एखाद्या रिहॅब सेंटरमध्ये महिनाभर ठेवावं. मामांना कुठल्याशा गावचं झाडपाल्याचं औषध माहीत आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘रिहॅबमध्ये ठेवलं तर बाबा चालतील का? नाही ठेवलं तर आमची चूक होईल का?’

मी फिजिओथेरपिस्ट. बावीस वर्षं सोलापुरात हेच काम करते आहे, त्यातली बरीचशी वॉर्डात, पेशंटच्या कॉटजवळ उभं राहून. तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, त्यांचा सीटी-एमआरआय पाहिलेला नाही. त्यामुळे ‘चालतील’ किंवा ‘नाही चालणार’ असं इथून कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही. पण तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला इथूनही दिसते. सगळं घर चालण्याबद्दल बोलतंय, आणि चालणं ही सध्या रांगेत पाचवी-सहावी गोष्ट आहे. नळी, पिशवी, पाठीची कातडी, खांदा, आणि रात्री दोन वाजता त्यांना कूस बदलून कोण देणार, हे त्याच्या आधी येतं. घर की सेंटर, सोलापूर की पुणे, याचा निर्णय यांवरून होतो.

‘स्टेबल’ या शब्दापासून सुरुवात करू. डॉक्टर चुकीचं बोललेले नाहीत. स्टेबल म्हणजे जिवाचा धोका टळला, रोज सलाइन-इंजेक्शन-तपासण्यांची गरज उरली नाही. घरच्यांना मात्र तो शब्द ‘घरी सांभाळता येण्याजोगा’ असा ऐकू येतो. या दोन्हींमध्ये बरंच अंतर आहे, आणि रुग्णालयात राहून करायचं पुनर्वसन असतं ते याच अंतरासाठी. आपल्याकडे हा मधला टप्पाच बहुतेक जण गाळतात. आयसीयूतून वॉर्ड, वॉर्डातून ॲम्ब्युलन्सने थेट घरचा दिवाण.

लोकांना वाटतं रिहॅब म्हणजे जास्तीचा व्यायाम. तेवढंच असतं तर तुमच्या भावाचं म्हणणं बरोबर ठरलं असतं, घरी दोन वेळा फिजिओ बोलावला की काम झालं. पण घरी येणारी माझ्यासारखी बाई पाऊण तास असते. उरलेले सव्वातेवीस तास पेशंट कसा झोपतो, कसा बसतो, कसा गिळतो, हात कुठे लोंबतो, यावर पाऊण तासाची मेहनत टिकते किंवा वाया जाते. चांगल्या रिहॅब वॉर्डात नर्सपासून वॉर्डातल्या मदतनीस मावशी-मामांपर्यंत सगळे त्याला एकाच पद्धतीने उचलतात, एकाच पद्धतीने बसवतात, त्याच्याशी एकाच पद्धतीने बोलतात. फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (जेवण, कपडे अशी रोजची कामं पुन्हा शिकवणारे), स्पीच थेरपिस्ट (बोलणं आणि गिळणं बघणारे) आणि त्या सगळ्यांवर एक पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टर, ज्यांना पीएमआर किंवा फिजिॲट्रिस्ट म्हणतात. ही माणसं आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसून त्या पेशंटबद्दल बोलत असतील तर ते रिहॅब. नाहीतर ती व्यायामाची सोय असलेली खोली.

व्यायाम किती हवा, याचं एक माप सांगते. अमेरिकेत सरकारी विम्यावर अशा वॉर्डात दाखल व्हायचं तर पेशंटला साधारण रोज तीन तास, आठवड्यातून पाच दिवस थेरपी झेपली पाहिजे असा दंडक आहे. तुमचे वडील आज पाच मिनिटं बसतात. त्यांना उद्यापासून तीन तास झेपणार नाहीत, झेपवूही नयेत. झटक्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतच पेशंटला पुनःपुन्हा उठवून उभं करण्याचा प्रयोग ॲव्हर्ट नावाच्या मोठ्या चाचणीत झाला होता, दोन हजारांवर पेशंट होते. २०१५ साली निष्कर्ष आला तो उलटाच: अशा घाईत उठवलेल्यांचा निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा वाईट. तुमचे वडील तो टप्पा केव्हाच ओलांडून आलेत, तेव्हा आता झोपवून ठेवायचं कारण नाही. पण चढण पायरीपायरीनेच. आज दहा-दहा मिनिटं चार वेळा खुर्चीत, चार दिवसांनी अर्धा-अर्धा तास. हे चार वेळा कोण करणार, हा पुन्हा माणसांचाच प्रश्न.

आता घरी न्यायच्या आधी माझ्या मते काय काय सुटलं पाहिजे ते सांगते. सगळ्यात आधी गिळणं, कारण यात चूक झाली तर माणूस परत आयसीयूत जातो.

नळी बघून घरच्यांचा जीव तुटतो, हे मी रोज बघते. मग कुणीतरी नर्सची पाठ वळली की चमच्याने पाणी घालतं, ‘घसा ओला होऊ दे बिचाऱ्याचा’. पाणी ही गिळायला सगळ्यात अवघड गोष्ट. पातळ असल्यामुळे ते घशाला सावरायला वेळच देत नाही, थेट श्वासनलिकेकडे निघतं. ठसका लागला तर निदान कळतं तरी. काहींना ठसकाही लागत नाही, पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि तिसऱ्या दिवशी ताप येतो. खाल्ल्यावर आवाज ओलसर, घशात गुरगुरल्यासारखा येत असेल तर तीच खूण समजा आणि थांबा. म्हणून नळी काढायच्या आधी गिळण्याची तपासणी झालीच पाहिजे. स्पीच थेरपिस्टने केली तर उत्तम. बहुतेकांची सुरुवात घट्ट, एकजीव पदार्थाने होते: मऊ घोटलेला गुरगुट्या भात, कुस्करलेलं केळं, दाट आंबील. ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली, चमचा निम्मा, आणि एक घास उतरल्याशिवाय दुसरा नाही. उजव्या गालात अन्न साठून राहतं, त्यांना ते कळत नाही. शेवटी बोट फिरवून बघायचं. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा दिवस येईल, पण तो आज नाही. आणि नळी ठेवूनच घरी जायची वेळ आली तर नळीतून अन्न (फीड) देताना आणि दिल्यावर अर्धा-पाऊण तास डोक्याकडची बाजू उंच पाहिजे. त्यासाठी वर-खाली होणारी कॉट भाड्याने आणा. तीन उशा रचून हे काम होत नाही, पेशंट तासाभरात घसरून आडवा होतो.

पिशवीबद्दल उद्या राउंडला एकच प्रश्न विचारा: ‘कॅथेटर (लघवीची नळी) अजून कशासाठी आहे?’ खरं वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टर सांगतील. पुष्कळदा कारण एवढंच असतं की ती आहे, सोयीची आहे, कुणी काढली नाही. जितके दिवस राहील तितका लघवीच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ती काढून बघणं, लघवी पूर्ण होते का तपासणं, दर दोन-तीन तासांनी भांडं देऊन सवय लावणं, हे वॉर्डात असताना करायचं काम आहे. घरी काढली आणि रात्री तुंबली तर तुमच्या आईने कुणाला हाक मारायची?

बेडसोअर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणारी जखम. दर दोन तासांनी कूस बदला हे सगळेच सांगतात. हा नियम ज्यांच्यामुळे रुजला ते डॉ. लुडविग गुटमन, १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मॅन्डेव्हिलला त्यांनी मणक्याला मार बसलेल्या सैनिकांचा वॉर्ड सुरू केला, आणि ज्या पेशंटना तोवर मरायलाच ठेवलं जायचं त्यांना रात्रंदिवस कुशीवर वळवून जगवलं. औषध नव्हे, वळवणं. आपल्या गावात त्यात उन्हाची भर आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ला जातो, खाली रेक्झिनची गादी, पाठ घामाने चिंब, अशी कातडी दोन दिवसांत सोलते. गादीवर सुती चादर, एअर बेड असला तरी वळवणं चालूच, आणि माकडहाड, टाचा, कमरेची बाजू रोज उजेडात बघायची. लाल डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर त्यावर भार द्यायचा नाही आणि चोळायचंही नाही. टाचेखाली पाण्याने भरलेले हातमोजे आणि कमरेखाली हवेचं रिंगण, हे दोन उपाय अजून सर्रास दिसतात. दोन्ही काढून टाका. पोटरीखाली घडी घालून टाच अधांतरी राहील असं ठेवा.

खांद्याचं मात्र मी जरा तावातावानेच सांगते. लुळ्या हाताचा खांदा नुसत्या कातडीवर आणि ढिल्या स्नायूंवर लटकलेला असतो. काखेत हात घालून वर ओढलं, किंवा तो हात धरून बसतं केलं, की सांधा निसटतो आणि सहा महिने दुखतो. दुखणाऱ्या खांद्याचा पेशंट व्यायामालाच नकार देतो. नव्या नोकरीत असताना मी स्वतः एका पेशंटला दोरी-कप्पी लावून दिली होती, ‘डाव्या हाताने उजवा वर ओढा, दिवसातून शंभर वेळा’ म्हणून. तो बिचारा दीडशे वेळा करायचा. तीन आठवड्यांत खांद्याला हात लावू देईना. तेव्हापासून अशा हाताला मी कप्पी लावत नाही. बसताना हाताखाली उशी. आपल्याकडे घरोघरी सोलापुरी चादर असते, तिची जाड घडी मांडीवर ठेवली की हाताला नेमकी उंची मिळते. झोपताना तसंच. आणि वॉर्डातल्या प्रत्येकाला, भेटायला येणाऱ्या काकालासुद्धा, बजावून ठेवा: उजवा हात कुणी ओढायचा नाही.

यानंतर येतं कॉटवरून खुर्चीत आणि खुर्चीतून कॉटवर. वॉर्डात दोन वॉर्डबॉय येतात, चादरीत धरून उचलतात, झालं. घरी वॉर्डबॉय नाहीत. तुमच्या आईचं वय तुम्ही ५८ लिहिलंय, गुडघे दुखतात असंही लिहिलंय. म्हणून माझा एक नियम आहे, आणि त्यावरून डॉक्टरांशी माझे वादही झालेत: घरात जो माणूस हे करणार, त्याने माझ्यासमोर, मी हात न लावता, दोनदा करून दाखवल्याशिवाय मी पेशंटला ‘घरी जायला तयार’ लिहीत नाही. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, म्हणजे वडिलांच्या डाव्या बाजूला, तिरकी, ब्रेक लावलेला, त्यांचे पाय जमिनीवर टेकलेले, आपला गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला पुढून टेकू देणारा, पकड कमरेच्या पट्ट्याला. ‘एक, दोन, तीन’ म्हणून त्यांनी पुढे झुकायचं. आधी पुढे, मग वर. सगळे थेट वर उचलायला जातात, तिथे कंबर धरते. वाचून हे जमत नाही. करून, चुकून, परत करून तीन-चार दिवसांत जमतं.

इथे माझी एक चूक सांगते. खूप वर्षांपूर्वीची. शहराच्या पूर्व भागातले एक आजोबा, डाव्या अंगाचा झटका, वॉर्डाच्या गुळगुळीत फरशीवर काठी घेऊन पन्नास पावलं चालायचे. मला कोण अभिमान. टाळ्या वाजवून घरी पाठवलं. घरी संडास अंगणापलीकडे, मध्ये दोन पायऱ्या, उंबरठा, आणि बोळात पाण्याची पिंपं, कारण आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड आणि ते साठवायला जागा तेवढीच. तिसऱ्या रात्री पिंपाला धरून वळताना पडले. खुबा मोडला. मी पन्नास पावलं मोजली होती, ती वाट कशी आहे हे विचारलं नव्हतं. त्यानंतर ॲडमिट होऊन आठवडा व्हायच्या आत मी नातेवाइकांना टेप देऊन घरी पाठवते.

तुम्हीही हे आजच करा. कॉटची उंची गादीसकट किती? साधारण १८ ते २० इंच हवी. कमी असेल तर पायांखाली विटा नकोत, लाकडी ठोकळे करून घ्या, खाच पाडलेले. संडासाच्या दाराची रुंदी? साध्या घडीच्या व्हीलचेअरला बाहेरून चोवीस-पंचवीस इंच लागतात आणि आपल्या जुन्या घरांची दारं त्याहून अरुंद निघतात. मग व्हीलचेअर दारापर्यंत आणि कॉटशेजारी कमोड खुर्ची, असा मार्ग काढावा लागतो. भारतीय बैठकीचा संडास असेल तर सध्या तो विसरा. पिंपं हलवता येतील का बघा. मोबाइलवर दारापासून कॉटपर्यंत आणि कॉटपासून संडासापर्यंत चालत एक सलग व्हिडिओ काढा आणि तो थेरपिस्टला दाखवा. हजार शब्दांच्या वर्णनापेक्षा मला तो व्हिडिओ जास्त कामाचा वाटतो.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: ‘घरी आम्ही तेलुगू बोलतो, पण बाबांना मराठी उत्तम येतं.’ येत होतं, असं म्हणा. उजवं अंग गेलं म्हणजे मेंदूची डावी बाजू दुखावली, आणि बहुतेकांची भाषा तिथेच राहते. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाची प्रत्येक भाषा सारखीच बुडते असं नाही. कधी एक जास्त, कधी दुसरी. मागे एक आजी होत्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या. आमच्या वॉर्डातल्या थेरपिस्ट मुलीने चित्रांची कार्डं दाखवून मराठीत विचारलं. शून्य. ‘काहीच समजत नाही’ असं फाइलवर लिहिलं गेलं. दुपारी सून डबा घेऊन आली आणि सहज म्हणाली, ‘नीळ्ळु कावाला?’ म्हणजे तेलुगूत ‘पाणी हवं का?’ आजींनी मान हलवली, आणि ग्लासकडे हात केला. फाइलवरचं वाक्य मी स्वतः खोडलं. पुढे त्याच आजींच्या हातासाठी आम्ही तेंदूपानं आणि कात्री आणवली, तंबाखूच्या जागी रवा. चेंडू दाबायला त्यांना कंटाळा यायचा. पान कापायला बसल्या की अर्धा तास हलायच्या नाहीत. तुमचे वडील जॉबर आहेत, त्यांच्यासाठी कांड्या आणि सुताच्या गाठी बघा, सुरुवातीला डाव्या हाताने.

म्हणून सेंटर निवडताना भाषा हा किरकोळ मुद्दा समजू नका. पुण्यात स्पीच थेरपिस्ट चांगले मिळतील, तेलुगू जाणणारा मिळेलच असं नाही. न मिळाला तरी चालतं, पण मग घरचं माणूस सेशनमध्ये बसलं पाहिजे आणि थेरपिस्टने त्याच्याकडून काम करून घेतलं पाहिजे. तोवर घरच्यांनी एवढं करा. ते बहिरे नाहीत, ओरडू नका. एका वेळी एक छोटं वाक्य, मग दहा आकडे मोजेपर्यंत गप्प. ‘हो-नाही’ची एक पक्की खूण ठरवा. ‘सांगा बरं, मी कोण?’ ही परीक्षा घेणं बंद करा. आपलं पोर समोर आहे हे कळतं आणि नाव ओठावर येत नाही, याच्याइतका अपमान नाही. आकडे, वार, नेहमीचं भजन हे पुष्कळदा बोलण्याआधी परत येतं. ते म्हणू द्या.

रडतील, चिडतील. एखाद्या वेळी कारण नसताना हसतील. तोही आजाराचाच भाग असू शकतो, आणि खरंखुरं नैराश्यही या पेशंटमध्ये तिघांत एकाला गाठतं. दोन आठवड्यांहून जास्त गप्प-गप्प राहिले, खाणं टाळलं, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे.

चालण्याबद्दल आता बोलते. मेंदूचा किती भाग गेला, शुद्ध आणि समज कशी आहे, आधी काय काय आजार होते, यावर बरंच अवलंबून. पण मी स्वतः दोन गोष्टी बघते: आधाराशिवाय अर्धा मिनिट तरी ताठ बसता येतं का, आणि लुळा पाय जागच्या जागी जरा तरी आवळता-हलवता येतो का. या दोन गोष्टी लवकर दिसल्या तर चालण्याची आशा चांगली. हाताचं वेगळं असतं. बोटं उघडायला लागण्याची चिन्हं लवकर दिसली नाहीत तर हात मागे राहतो, आणि हे मी घरच्यांपासून लपवत नाही. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त. नंतर मंदावतो, थांबतो असं नाही. पण हे तीन महिने परत येत नाहीत, आणि नेमके तेच आपण ‘जरा ताकद आली की मग बघू’ म्हणून घालवतो.

मामांच्या औषधाबद्दल. भांडू नका, त्यांचाही जीव अडकलाय. फक्त दोन अटी घाला. बीपीची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही, कारण दुसरा झटका पहिल्यापेक्षा महाग पडतो. आणि पोटात घ्यायचं काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नाही, नळीतून तर नाहीच. हलकी मालिश चालेल, पण पोटरी सुजलेली, गरम, दुखरी वाटली तर हात लावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आत गुठळी असू शकते. कबुतराचं रक्त चोळायला सांगणारे अजून भेटतात. त्यांना माझ्याकडे पाठवा.

पैशाचं. तुमचा मेडिक्लेम आहे म्हणालात, म्हणून पुण्याला ॲडव्हान्स भरायच्या आधी पॉलिसीचा कागद उघडा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये ‘एक्सक्ल ०५’ असा एक आहे: विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती देखभाल यांसाठीची भरती. बऱ्याच पॉलिसींत तो असतो. म्हणजे सध्याच्या मुक्कामाचं बिल मंजूर झालं तरी रिहॅबचं होईलच असं नाही. टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) लेखी उत्तर घ्या. रुग्णालय महात्मा फुले योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, आजच भेटा, डिस्चार्जनंतर नाही. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) हे आत्ताचं काम नाही. प्रकृती एका जागी स्थिरावली की सिव्हिलला जा.

मग माझं मत काय? आज घरी नेऊ नका. सेंटरही आंधळेपणाने नको. फोनवर ‘शंभर टक्के चालवून देतो’ म्हणतील ते यादीतून काढा. मशिनचे फोटो पाठवतील त्यांना विचारा की रोज प्रत्यक्षात थेरपी किती तास, रविवारी काय, पीएमआर डॉक्टर आठवड्यातून किती वेळा बघतात, स्पीच थेरपिस्ट नोकरीला आहे की बोलावल्यावर येतो, रात्री किती पेशंटमागे एक नर्स, प्रगती कशाने मोजतात. बार्थेल किंवा एफआयएम (रोजची कामं पेशंट स्वतः किती करतो याचे गुण देणाऱ्या मोजपट्ट्या) असं काहीतरी उत्तर आलं पाहिजे. ‘तुम्हाला दिसेलच की’ हे उत्तर नव्हे. आणि सगळ्यात शेवटी विचारा की नातेवाइकाला सेशनमध्ये बसू देता का. ‘भेटीची वेळ पाच ते सहा’ म्हणाले तर, मशिनं कितीही चकचकीत असोत, मी माझ्या माणसाला तिथे ठेवणार नाही. महिन्याने पेशंट चांगला होऊन येईल आणि आईला त्याला खुर्चीत बसवता येणार नाही.

पुणे अडीचशे किलोमीटर. तुम्ही तिथे आहात, पण तुम्ही दिवसभर ऑफिसात. आई तिथे राहणार असेल, निदान शेवटचे दहा दिवस, तर पुणे जरूर. ती राहू शकत नसेल आणि शेवटी वडील सोलापुरातच परतणार असतील, तर इथेच कुठे दाखल ठेवून कमी मशिनांत पण आई आणि भावाच्या हाताखालून झालेलं काम मला जास्त पसंत आहे. दोन ते चार आठवडे धरा. दोन्ही परवडत नसेल तर सध्याच्याच वॉर्डात एक आठवडा मागून घ्या, आणि ‘अजून थोडं बरं वाटू दे’ म्हणून न मागता कामं सांगून मागा: गिळण्याची तपासणी, कॅथेटर काढून बघणं, आईला खुर्चीत बसवायला शिकवणं. कामाची यादी समोर असली की डॉक्टरही सहसा नाही म्हणत नाहीत, हा माझा अनुभव.

उद्या राउंडला भावाला पाठवू नका, आईला उभी करा, तुम्ही व्हिडिओ कॉलवर राहा. डिस्चार्ज कार्डवर डॉक्टर ‘फिजिओथेरपी’ एवढंच लिहितात. त्याखाली काय खायचं, कसं वळवायचं, उजवा हात कसा धरायचा हे थेरपिस्टकडून हाताने लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत तेलुगूत करून कॉटच्या डोक्याशी चिकटवा. कॉटची उंची आणि दाराची रुंदी मिळाली की इथे लिहा, पुढचं बघू.